स्पर्धेत दिलेल्या फोटोंमागच्या गोष्टी

कवडसा :

'उजेड' या विषयावरच्या स्पर्धेचा निकाल लागला, विजेत्यांचं अभिनंदनही करून झालं. तरी मी सगळेच फोटो पुन्हा पुन्हा उघडून पाहते आहे. दर वेळी एकच प्रश्न पडतो, हा क्षण यांना सापडला कसा? स्पर्धेत शीर्षक आणि दोन ओळी एवढीच जागा होती, त्यात काय मावणार! म्हणून ज्यांनी ज्यांनी फोटो दिले त्या सगळ्यांनी आपापल्या फोटोची गोष्ट सांगा. बक्षीस मिळालं की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

एकच विनंती. "सहज काढला आणि छान आला" एवढ्यावर थांबू नका. चौकटीत आलं ते आम्ही पाहिलंय. चौकटीबाहेर काय चाललं होतं ते हवंय. कुठे उभे होतात, कशाची वाट बघत होतात, शेजारी कोण होतं, आधीच्या क्षणी काय घडलं. कॅमेऱ्याचे आकडे जरूर द्या, पण ते तसेच का ठेवलेत तेही लिहा. नुसत्या आकड्यांतून शिकता येत नाही, कारणातून येतं.

सुरुवात मी करते. माझा फोटो 'दोरा'. आजी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवते आहे, मागे सगळा काळोख आणि त्यात तिची बोटं, सुई आणि दोऱ्याचं टोक एवढंच उजळलेलं. मी आधी तिच्या समोर, खिडकीला पाठ करून उभी होते. ती मान वर न करता म्हणाली, "बाजूला हो गं, उजेड अडवतेस." मी सरकून भिंतीशी गेले. तिथून पाहते तर खिडकीचा उजेड तिच्या हातांवर आडवा पडलेला. समोरून पडणारा उजेड सगळं सपाट करतो. तोच बाजूने आला की प्रत्येक सुरकुतीला स्वतःची सावली मिळते. शिवाय भिंतीशी उभं राहिल्यामुळे तिच्या मागे आतल्या खोलीचं अंधारलेलं दार आलं, म्हणून तो पांढरा दोरा उठून दिसला. कॅमेरा अशा वेळी काळोख पाहून फोटो उजळ करायला जातो, म्हणून एक्सपोजर (कॅमेरा आत घेतो तो उजेड) मुद्दाम खाली आणलं.

ती माझ्याच सदऱ्याचं बटण लावत होती. ते फोटोत कुठेच नाही, पण मला तो फोटो त्याच्याशिवाय बघता येत नाही.

पायवाट :

कवडसा, मत देताना मी या फोटोपाशी बराच वेळ रेंगाळलो होतो. "उजेड अडवतेस" हे वाचलं आणि पुन्हा जाऊन पाहिला. आता त्या आजी बोलताना ऐकू येतात.

माझा फोटो विजेचा, 'कडाडण्याआधी'. वीज दिसल्यावर बटण दाबून वीज मिळत नाही. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो, तोवर बहुधा सगळं आटोपलेलं असतं. म्हणून उलटं करायचं. रात्री कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर पंधरा-वीस सेकंद उघडं ठेवायचं, मग पुन्हा, मग पुन्हा. वीज त्या वेळात चमकली तर ती स्वतःच आपला फोटो काढते. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) एफ/८. इथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. विजेची प्रखरता छिद्रावर ठरते, शटर किती वेळ उघडं आहे यावर नाही, कारण तिचा उजेड क्षणभरच असतो. शटरच्या वेळेने ठरतो तो बाकीचा देखावा : टेकडीची कड, ढगांचा रंग, लांबचे दिवे. फोकस त्या लांबच्या दिव्यावर धरून मग ऑटोफोकस बंद केला, नाहीतर अंधारात तो भरकटतो.

पण खरी गोष्ट माझ्या मुलीची आहे. तिला गडगडाटाची फार भीती. त्या रात्री ती माझ्याजवळ खोलीतच बसली होती (कॅमेरा खिडकीच्या आत होता, बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता). मी तिला सांगितलं की वीज दिसली की मोजायला लाग, आवाज आला की थांब, आलेल्या आकड्याला तीनाने भाग, तेवढे किलोमीटर वीज लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तर उजेड आपल्यापर्यंत जवळजवळ त्याच क्षणी पोचतो, म्हणून हा हिशोब. ती मोजू लागली. पहिल्यांदा उशी कवटाळून, मग उशी सोडून, मग खिडकीशी येऊन. फोटोतल्या विजेला तिचा आकडा अठरा आला होता. "बाबा, सहा!" असं ती ओरडली आणि त्याच वेळी शटर बंद झाल्याचा आवाज आला.

कोणी हा प्रयोग करणार असेल तर एक सांगतो, आकडा तीसच्या आत येत असेल तर मोकळ्यावर अजिबात थांबायचं नाही. वीज दहा किलोमीटरच्या आत आली असा त्याचा अर्थ, आणि पुढची कुठे पडेल ते कोणी सांगू शकत नाही. चांगला फोटो घरातूनही मिळतो.

चांदणवेल :

"बाबा, सहा!" किती गोड. माझ्या भाच्यांना हे शिकवणार.

माझा फोटो डोंगराच्या कडेवर उगवणारा चंद्र आणि त्याच्या आत उभी असलेली माझी बहीण. पुष्कळांनी विचारलं की हे दोन फोटो जोडलेत का. नाही. एकच फोटो आहे, आणि त्यात जादू नाही, भूमिती आहे. आकाशात चंद्राचा आकार जेमतेम अर्धा अंश. माणूस बरोबर चंद्राएवढा उंच दिसायला हवा असेल तर त्याच्या उंचीच्या सुमारे ११० पट अंतरावर उभं राहावं लागतं. बहीण चंद्राच्या निम्मी दिसावी असं मला हवं होतं, म्हणजे अंतर दुप्पट, साडेतीनशे मीटरच्या आसपास. लांब पल्ल्याची लेन्स लागते ती यासाठी. लेन्स चंद्र मोठा करते आणि बहिणीलाही. दोघांचं प्रमाण मात्र फक्त अंतरावर ठरतं.

दिवस निवडला तो पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळचा. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो, आणि तो डोंगरावर येईपर्यंत जमीन काळी पडलेली असते. आदल्या दिवशी तो पाऊण-एक तास आधी उगवतो, त्यामुळे संधिप्रकाशाचा निळा रंग आकाशात शिल्लक असतो.

चंद्र आपल्याच रुंदीएवढं अंतर दोन मिनिटांत सरकतो. हे वाचलेलं असतं, पण लांबच्या लेन्समधून बघताना काळीज धडधडतं. मी खाली शेताच्या बांधावर, बहीण वर कड्यावर, दोघींच्या कानाला फोन. मी तिपाई उचलून उजवीकडे पळते आहे, तिला ओरडून सांगते आहे, "तिथेच थांब, हलू नकोस, मी हलते!" आणि ती विचारते आहे, "पण चंद्र आहे कुठे?" कारण तो तिच्या पाठीमागे होता. तिने तो चंद्र त्या संध्याकाळी नीट पाहिलाच नाही. फोटो दाखवला तेव्हा पाहिला.

या निमित्ताने एक आठवलं. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. मावळता उजेड दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर होता आणि अ‍ॅडम्सना लाइट मीटर (उजेड मोजायचं यंत्र) सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते ते त्यांना पाठ होतं, त्यावरून मनातल्या मनात हिशोब करून त्यांनी एका फिल्मवर फोटो घेतला. दुसऱ्या फिल्मसाठी तिचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचा उजेड गेला होता. हे सगळं त्यांना बारकाईने आठवत होतं, पण तारीख मात्र नाही. कधी १९४०, कधी १९४४, असं काहीतरी ते सांगत. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून तारीख काढली : १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटं. मला हे अतिशय आवडतं. फोटो काढणारा विसरला आणि चंद्राने सांगितलं.

अनवट :

सगळ्यांच्या गोष्टी मन लावून वाचल्या, पण मला एक वेगळं मत मांडायचं आहे. गोष्ट ऐकली की फोटो आवडायला लागतो, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. पाहणाऱ्यासमोर चौकट असते, तिच्यात आलं ते आलं. तुम्ही किती चढ चढलात, किती गारठलात, याचं माप फोटोला लावणं हा फोटोवर अन्याय आहे, आणि ज्याने फारसे कष्ट न घेता फार सुंदर पाहिलं त्याच्यावरही. परीक्षण नावं झाकून करतात ते बरोबरच आहे. मी तर म्हणेन शीर्षकही झाकावं.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ चा पॅरिसमधला फोटो घ्या, साँ-लाझार स्टेशनच्या मागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून तो काढला होता, आणि व्ह्यूफाइंडरमधून नीट दिसतही नव्हतं, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. ही माहिती रंजक आहे. पण ती नसती तरी ती उडी तितकीच हवेत राहिली असती.

म्हणून माझ्या 'जिना' या फोटोबद्दल मी काही लिहिणार नाही. तो बघा, आवडला तर आवडला.

कवडसा :

अनवट, परीक्षणाबद्दल शंभर टक्के सहमत. तिथे गोष्टीला जागा नसावी. पण परीक्षण झाल्यानंतरही नसावी का?

छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळातल्या दागेरचा १८३८ चा पॅरिसच्या बुलेव्हार द्यु ताँप्ल रस्त्याचा फोटो पाहा. रस्ता निर्मनुष्य दिसतो, कोपऱ्यात फक्त एक माणूस पाय टेकवून उभा. चौकटीत आलं तेवढंच धरायचं तर आपण म्हणू, ओसाड रस्ता आहे. प्रत्यक्षात तो वर्दळीचा रस्ता होता. एक्सपोजर काही मिनिटांचं, म्हणून गाड्या, घोडे, चालणारी माणसं यांची खूणही उमटली नाही. बूट पॉलिश करून घेणारा तेवढा एका जागी थांबला, आणि फोटोत उमटलेला पहिला माणूस म्हणून आज जग बहुतेक त्यालाच ओळखतं. त्या रस्त्यावर गर्दी आहे, ती दिसत नाही एवढंच. हे कोणीतरी सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?

जुनी वही :

हा मुद्दा फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा फोटो रेल्वेच्या डब्यातला. खिडकीच्या उजेडात वर्तमानपत्र धरून बसलेले एक काका, चष्मा कपाळावर, नजर कुठेतरी लांब. त्यावर बऱ्याच प्रतिक्रिया आल्या, "उतारवयातला एकटेपणा" अशा अर्थाच्या. मनापासून लिहिलेल्या होत्या, त्याबद्दल आभारच. पण ते काका एकटे नव्हते. समोरच्या बाकावर, चौकटीच्या अगदी बाहेर, त्यांची पत्नी बसली होती. दोघं मिळून शब्दकोडं सोडवत होते. काकू तोंडाने सूचना देत होत्या, काका आठवत होते. ती लांब गेलेली नजर एका चार अक्षरी शब्दाच्या शोधात होती! तो शब्द मिळाल्यावर दोघं इतके मोकळे हसले की आख्खा डबा वळून बघायला लागला.

फोटो काढल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, पडद्यावर दाखवला, स्पर्धेला देऊ का विचारलं. हसतानाचाही एक होता. काकू म्हणाल्या, "हा विचार करतानाचाच द्या, हेच खरे हे." म्हणजे निवड त्यांची. पत्ता घेऊन एक प्रत टपालाने पाठवली.

हे मी नियमाने करते, आणि त्यामागे एका फोटोचा इतिहास आहे. डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकार बाईने १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. दोन मुलं तिच्या खांद्यात तोंड खुपसून आहेत, मांडीवर तान्हं बाळ. अमेरिकेतल्या महामंदीचा चेहरा म्हणून तो फोटो जगभर गेला. लँग घरी निघाली होती, तळाची पाटी मागे टाकून वीसेक मैल पुढे गेली होती आणि मन राहवेना म्हणून गाडी वळवून परत आली. हा भाग वाचताना आजही अंगावर काटा येतो. फोटो छापून आल्यावर तळावर सरकारी मदतीचं अन्न पोचलं, तेही खरं. पण लँगने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. तिने पुढे स्वतःच तसं लिहिलंय. त्या कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकले, असं लँगच्या टिपणात आलं. चार दशकांनी, १९७८ मध्ये, ती बाई कोण ते जगाला कळलं : फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. टायर विकल्याची गोष्ट त्या कुटुंबाने नाकारली. आपला चेहरा सगळीकडे लागला आणि आपल्या हाती काहीच आलं नाही, हा सल त्यांना होता.

तर अनवट, तुम्ही गोष्टच नको म्हणता. मी म्हणते गोष्ट हवी, पण फोटोत जो आहे त्याला विचारून. आपण माणसाचा चेहरा घेतो, त्याच्याबद्दल आपल्या मनातलं काहीतरी लिहून मोकळे होतो, आणि तो बिचारा आयुष्यभर त्या ओळीत अडकतो.

पायवाट :

जुनी वही, "हेच खरे हे"! काकूंना माझा नमस्कार.

रानभूल :

जुनी वहींनी माणसांबद्दल लिहिलं, मी पक्ष्याबद्दल लिहितो. त्याला विचारता येत नाही, म्हणून आपली जबाबदारी दुप्पट.

माझा फोटो छोट्या खंड्याचा. ओढ्यावर वाकलेल्या फांदीवर चोचीत मासा धरून बसलेला, मागून सकाळचा उजेड, अंगावरून उडणारे थेंब चमकताहेत. खंड्या आपली बसायची जागा सहसा बदलत नाही, त्यामुळे पाठलाग करावा लागत नाही, लांब आडोशाला स्वस्थ बसायचं. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर, थेंब गोठावेत म्हणून. उजेड पाठीमागून घेतला कारण थेंब समोरच्या उजेडात दिसतच नाहीत.

पण फोटो मोठा करून माशाकडे बघा. माशाचं डोकं चोचीच्या बाहेरच्या बाजूला आहे. खंड्याला मासा स्वतः गिळायचा असला की तो त्याला फांदीवर आपटतो आणि डोकं आत, घशाकडे करून गिळतो, म्हणजे खवले-पर अडकत नाहीत. डोकं बाहेर ठेवलं असेल तर तो मासा दुसऱ्या कोणाला भरवायचा आहे, जोडीदाराला किंवा पिल्लांना. हे दिसलं आणि मी समजलो की जवळपास काठाच्या मातीत त्याचं बीळ असणार, आणि मी तिथे बसलो आहे तोवर तो आत जाणार नाही. सामान आवरलं आणि वाकून मागच्या मागे निघालो. विणीचा हंगाम संपेपर्यंत त्या बाजूला गेलो नाही. तुम्ही पाहिलात तो त्या सकाळचा शेवटचा फोटो.

हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण असाच फोटो दुसऱ्या मार्गानेही मिळतो. पाण्यात भांडं ठेवून त्यात जिवंत मासे सोडतात, पक्षी नेमक्या जागी सूर मारतो, कॅमेरा आधीच तिथे रोखलेला असतो. फोटो पाहून फरक कळत नाही. फरक फक्त गोष्टीत आहे.

अनवट :

रानभूल, माशाच्या डोक्याची माहिती मला नव्हती. आता फोटो वेगळा दिसतो, हे मान्य करतो. पण पाहा, तो पुरावा चौकटीतच होता!

खरेपणाचा प्रश्न मात्र गोष्टीने सुटत नाही, मूळ फाइलने सुटतो. २०२३ मध्ये सोनी जागतिक छायाचित्र पुरस्कारांत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराचं चित्र एका विभागात निवडलं गेलं, आणि त्याने ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्याचं सांगून पुरस्कार नाकारला. स्पर्धा तयार आहेत का हे पाहायचं होतं, असं त्याचं म्हणणं. अशा वेळी कहाणी काय कामाची? कहाणीही बनवता येते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदलेली मूळ, फेरफार न केलेली फाइल) मागा, झालं.

रानभूल :

रॉ फाइल मागायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ती अर्धंच सांगते.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चं सर्वोच्च बक्षीस एका लांडग्याच्या फोटोला मिळालं होतं. रात्री लाकडी फाटकावरून झेपावणारा लांडगा, अप्रतिम फोटो. जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. फोटोत फेरफार असा आरोपच नव्हता. तो लांडगा रानटी नसून बहुधा माणसाळलेला, फोटोसाठी उपलब्ध असणारा प्राणी आहे, या निष्कर्षाला परीक्षक आले, आणि नियमांत ते बसत नव्हतं. छायाचित्रकाराने ते नाकारलं, पण निर्णय कायम राहिला. म्हणजे लांडगा खरा, झेप खरी, फाटक खरं, कॅमेऱ्यात उमटलं तेही खरं. कॅमेऱ्याने प्रामाणिकपणे आपलं काम केलं होतं. प्रश्न होता तो आधी काय घडलं याचा, आणि ते कुठल्याही फाइलमध्ये नोंदलं जात नाही. ते माणसालाच सांगावं लागतं.

म्हणून फोटोमागची गोष्ट सांगणं मला नुसती हौस वाटत नाही. तो आपण दिलेला शब्द असतो.

चांदणवेल :

रानभूल, शेवटच्या ओळीशी मनापासून सहमत.

याच्या जोडीला फ्रेंच छायाचित्रकार रोबेर द्वानोचा पॅरिसमधला चुंबनाचा फोटो आठवतो, १९५० चा. कितीतरी वर्षं लोकांनी तो रस्त्यावर अवचित टिपलेला क्षण म्हणून भिंतीवर लावला. नव्वदच्या दशकात "त्या फोटोत आम्हीच आहोत" असा दावा करत एक जोडपं न्यायालयात गेलं, तेव्हा द्वानोला सांगावं लागलं की ती दोघं अभिनय शिकणारी मुलं होती आणि त्यांना विनंती करून तो क्षण पुन्हा करून घेतला होता. ती दोघं एकमेकांच्या खरंच प्रेमात होती, हेही खरं. फोटो मला आजही आवडतो. पण जुळवून आणलेला क्षण जुळवून आणलेला आहे हे आधीच सांगितलं असतं तर कोणाचंच मन मोडलं नसतं. माझ्या बहिणीला मी कड्यावर उभं केलं, तीही जुळवाजुळवच आहे. ती लपवायची कशाला?

ओंजळ :

मी पहिल्यांदाच स्पर्धेत भाग घेतला. सगळ्यांचं वाचून लिहावं की नको असं झालं होतं, कारण माझ्याकडे मोठा कॅमेरा नाही, मोबाईलवर काढलाय. माझा फोटो 'खालचं आकाश', डबक्यातलं प्रतिबिंब.

पाऊस थांबला होता, क्लासमधून घरी येत होते. डबकं अगदी लहान होतं, परातीएवढं. उभं राहून पाहिलं तर त्यात फक्त चिखल दिसतो. खाली बसलं की कडेची झाडं दिसायला लागतात, आणखी खाली गेलं की आकाश. मी मोबाईल उलटा धरला, म्हणजे लेन्स खाली आली आणि पाण्याला जवळजवळ टेकली. तेव्हा अचानक त्या एवढ्याशा डबक्यात अख्खी संध्याकाळ मावली, दिव्यांचे खांब, ढग, तारेवरचे पक्षी. पडद्यावर बोट ठेवून फोकस प्रतिबिंबातल्या दिव्यावर धरला, पाण्याच्या पृष्ठभागावर नाही. प्रतिबिंब पाण्यावर नसतं, तेवढंच लांब असतं जेवढी खरी वस्तू, हे भौतिकशास्त्राच्या तासाला शिकले होते. तिथे ते पहिल्यांदा खरं वाटलं.

दप्तर पाठीवर, गुडघे चिखलात, आणि येणारे-जाणारे थांबून विचारत होते, काही हरवलं का? एक छोटा मुलगा माझ्या शेजारी येऊन तसाच बसला आणि म्हणाला, "अरे, इथे खाली पण दिवे आहेत!" मग त्याची आई पण वाकली. फोटोत डाव्या कडेला जी छोटी सावली आहे ती त्याची आहे. कापून टाकणार होते, पण राहू दिली.

जुनी वही :

ओंजळ, बाळा, न कापल्याबद्दल तुझं कौतुक. फोटो कसला आहे याची खूण त्या सावलीतच आहे. आणि "मोबाईलवर काढलाय" हे इतकं हळू आवाजात सांगू नकोस. लेन्स पाण्याला टेकवणं मोठ्या कॅमेऱ्याला जमलं नसतं, ते मोबाईललाच जमतं.

पायवाट :

ओंजळ, त्या मुलाचं वाक्य वाचून अपोलो ८ ही चांद्रमोहीम आठवली. २४ डिसेंबर १९६८ ला चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा तो प्रसिद्ध फोटो अंतराळवीर बिल अँडर्स यांनी काढला. यानातलं त्या वेळचं बोलणं ध्वनिमुद्रित आहे. पृथ्वी खिडकीतून दिसायला लागते, आणि ते सहकाऱ्याकडे रंगीत फिल्म मागतात, लवकर दे म्हणतात. मोहीम चंद्र बघायला गेली होती, आणि सगळ्यांत लक्षात राहिला तो मागे वळून घेतलेला आपल्याच घराचा फोटो. ती घाईतली मागणी ऐकल्यापासून मला त्या फोटोतली शांतता जास्त जाणवते.

अनवट :

ओंजळचा फोटो मी पहिल्या तीनांत धरला होता, आणि तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सावली मात्र मला तेव्हाही खटकली नव्हती. ती का खटकली नाही हे आज कळलं.

माझं मत फारसं बदललेलं नाही. फक्त क्रमाबद्दल आग्रह धरतो. आधी फोटो, नुसता, भरपूर वेळ. गोष्ट त्यानंतर. पुढच्या वेळी गोष्टी निकालानंतरच याव्यात, आत्ता आल्या तशा. आधी कोणी सांगू नये.

कवडसा :

अनवट, हे मान्य. पुढच्या वेळी असंच करू. आणि सगळ्यांना एक सुचवते, गोष्ट लगेच लिहून ठेवा. फाइलमध्ये वेळ आणि आकडे आपोआप नोंदले जातात, पण कोण शेजारी होतं आणि काय बोललं ते नाही. फोटोच्या फाइलमध्येच वर्णनाचा रकाना असतो, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो भरता येतो. तिथे दोन वाक्यं लिहिली की ती फोटोबरोबर राहतात. मात्र समाजमाध्यमांवर चढवताना ही माहिती बरेचदा गळून पडते, म्हणून मूळ प्रत जपा. आणि रानभूल यांच्यासारखा घरट्याजवळचा फोटो देणार असाल तर फाइलमधून स्थळाची नोंद आधी काढून टाका.

ओंजळ :

सगळ्यांचे खूप आभार! चांदणवेल ताई, एक विचारू? मोबाईलवर चंद्र काढला की नुसता पांढरा ठिपका येतो. तुमच्यासारखा नाही, पण थोडा तरी नीट येईल का?

चांदणवेल :

नक्की येईल. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड आहे हे आधी लक्षात घे. मोबाईल आजूबाजूचा काळोख बघून फोटो उजळवतो, म्हणून चंद्राचा ठिपका होतो. पडद्यावर चंद्रावर बोट दाबून धर, फोकस आणि एक्सपोजर तिथेच अडकवून ठेव, मग बोट खाली ओढून उजेड कमी कमी करत जा, डाग दिसेपर्यंत. मोबाईलमध्ये मॅन्युअल मोड असेल तर आयएसओ १०० आणि शटर सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागापासून सुरू कर, तरी पांढराच आला तर वेळ आणखी कमी करत जा. मोबाईल कशाला तरी टेकवून ठेव आणि टायमर लाव.

पण मोबाईलमध्ये चंद्र लहानच येणार, तेव्हा त्याला एकट्याला काढू नकोस. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, आकाश निळं असतानाच बाहेर पड आणि त्याच्या सोबत काहीतरी घे, फांदी, खांब, गच्चीचा कठडा. किंवा पाऊस पडून गेला असेल तर तुझं डबकं शोध. त्यात चंद्र आला तर मला आधी कळव, मी विचारणार आहे की मोबाईल कसा धरला होतास.